ऑनलाइन 'स्वतंत्र तपासनीस' व्हायचंय? अर्ज कुठे, पात्रता काय आणि लायसन खरंच मिळतं का?

आदिलाबाद : 'घरबसल्या खासगी तपासनीस बना, आयडी कार्ड आणि लायसनसह', 'दहावी पास चालेल, ऑनलाइन अर्ज करा' अशा जाहिराती फेसबुक, टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी दिसतात. नोकरीच्या शोधात असलेला तरुण त्यावर पटकन क्लिक करतो. तेलंगणातलं बेला, जैनद, भीमपूर, तामसी असो की महाराष्ट्रातलं केळापूर, किनवट, राजुरा, प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. हे काम खरं आहे का, त्यासाठी अर्ज कुठे करायचा आणि पात्र कोण?

काम खरं आहे. लग्नाच्या स्थळाची चौकशी, विम्याच्या दाव्याची पडताळणी, कंपनीत कामाला ठेवण्याआधीची माहिती, जमिनीच्या व्यवहारातली खातरजमा, ऑनलाइन फसवणुकीचा माग अशी कितीतरी कामं खासगी तपासनीस करतात. जाहिरातीतलं 'लायसन' मात्र खोटं आहे. ते का, आणि या क्षेत्रात शिरायचे खरे रस्ते कोणते, याची ही माहिती.

थोडक्यात महत्त्वाचं

• भारतात खासगी गुप्तहेर किंवा स्वतंत्र तपासनीस यांना लायसन देणारा कायदा नाही. त्यामुळे असं लायसन कोणतंही सरकारी खातं देत नाही.

• 'लायसन' किंवा 'सरकारी आयडी' विकणारा माणूस फसवतो आहे, असं समजून चालावं.

• खासगी तपासनीसाला सामान्य नागरिकापेक्षा एकही जास्तीचा अधिकार नाही.

• परीक्षा, प्रशिक्षण आणि सरकारमान्य परवाना असलेलं या क्षेत्रातलं जवळचं काम म्हणजे विमा सर्व्हेअर. त्याचं नियामक कार्यालय हैदराबादलाच आहे.

• दोन राज्यांच्या नोंदी आणि तीन-चार भाषा कळणं, ही सीमाभागातल्या उमेदवाराची खरी ताकद आहे.

लायसनचा कायदा का नाही?

खासगी गुप्तहेर एजन्सींना नियम लावण्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत एक विधेयक मांडलं गेलं. लायसन देणारी मंडळं, पात्रतेच्या अटी, नियम मोडल्यास शिक्षा, असं सगळं त्यात होतं. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, पण त्याचा कायदा कधी झाला नाही.

बरेच जण 'पसारा' लायसन दाखवतात. हा खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५. तो वॉचमन, गार्ड पुरवणाऱ्या एजन्सींसाठी आहे. माणसांचं आणि मालमत्तेचं रक्षण हा त्याचा विषय, गुप्त चौकशीचा नाही. म्हणून एखाद्या एजन्सीकडे पसाराचं लायसन असलं तरी त्यावरून तिला तपासाचा परवाना आहे असं ठरत नाही.

बाहेरच्या देशांत चित्र वेगळं आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यं स्वतःचं लायसन देतात. कॅलिफोर्नियात तर साधारण तीन वर्षांचा, म्हणजे ६,००० तासांचा पगारी अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यात तरतूद असूनही खासगी तपासनीसांसाठी लायसनची सक्ती लागू झालेली नाही. म्हणून 'इंटरनॅशनल डिटेक्टिव्ह लायसन, भारतात चालेल' या दाव्यालाही अर्थ नाही. एका राज्याचं लायसन दुसऱ्या देशात अधिकार देत नाही.

गुप्तहेरांच्या खासगी संघटना देशात आहेत. त्यांचं सदस्यत्व ओळखीसाठी, कामासाठी उपयोगी पडू शकतं. पण ते सदस्यत्वच असतं, परवाना नव्हे.

लायसन नसताना या धंद्यात नाव मिळवणारे लोक झाले, ते कामाच्या बळावर. मराठी वाचकांना मुंबईच्या रजनी पंडित यांचं नाव माहीत आहे. वडील पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागात, स्वतःचं शिक्षण मराठी साहित्याचं, आणि १९९१ मध्ये त्यांनी आपली एजन्सी उघडली.

जाहिरात खोटी आहे हे कसं ओळखायचं?

पद्धत साधारण ठरलेली असते. आधी छोटा फॉर्म, मग फोन. 'सर, तुमचं सिलेक्शन झालं, रजिस्ट्रेशन फी भरा.' त्यानंतर प्रशिक्षण फी, आयडी कार्डची फी, व्हेरिफिकेशनची फी. पैसे संपले की फोन बंद. पुढच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबावं.

• आयडी कार्डावर अशोकस्तंभ. राजमुद्रेचा असा वापर २००५ च्या राजमुद्रा गैरवापर प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्ड गळ्यात घालून फिरणारा पोरगाही यात अडकतो, फक्त विकणारा नाही.

• नावात 'क्राइम', 'ब्युरो', 'इन्व्हेस्टिगेशन', 'नॅशनल', 'अँटी करप्शन' असे भारदस्त शब्द, आणि टोल किंवा पोलीस चेकिंगला 'सूट' मिळेल असं आश्वासन.

• 'आम्ही कोणत्याही नंबरचे कॉल डिटेल्स काढून देतो' अशी फुशारकी.

• कामाच्या नावाखाली बँक खातं उघडून द्या, सिम कार्ड काढून द्या अशी मागणी. असं खातं फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

कंपनी खरी आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकून पाहता येतं. नोंदणीची तारीख आणि कंपनी चालू आहे की बंद, हे तिथे दिसतं. जीएसटी क्रमांकही जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. पण एक ध्यानात ठेवायचं : कंपनी नोंदलेली असली म्हणजे तिला आयडी वाटायचा अधिकार मिळाला, असं नाही.

अधिकार किती? सामान्य माणसाइतकेच

खासगी तपासनीस कोणाला अटक करू शकत नाही, घराची झडती घेऊ शकत नाही, कोणाला चौकशीला बोलावू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत घडलेल्या गंभीर, अजामीनपात्र दखलपात्र गुन्ह्यात कोणीही नागरिक आरोपीला धरू शकतो. पण उगाच वेळ न घालवता आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. हा अधिकार सगळ्यांनाच आहे, तपासनीसाला वेगळा नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर कायदेही कडक झाले. नव्या माणसाने हे तक्ते पाठ करायला हवेत.

यात थेट गुन्हा आहे :

• दुसऱ्याचे कॉल रेकॉर्ड (सीडीआर), सिमधारकाची माहिती मिळवणं किंवा फोन चोरून ऐकणं. दूरसंचार कायदा २०२३, कलम ४२ : तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्याआधीही, २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्डच्या बेकायदा विक्रीप्रकरणी खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

• दुसऱ्याचा पासवर्ड, ओटीपी वापरणं किंवा बनावट ओळख घेऊन ऑनलाइन फसवणं. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६सी आणि ६६डी : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

• एखाद्या महिलेच्या इंटरनेट, ई-मेल, चॅटिंगवर पाळत. भारतीय न्याय संहिता, कलम ७८ : पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्हे रोखण्याची जबाबदारी सरकारने ज्याच्यावर सोपवली आहे त्याला यात सूट आहे. 'पार्टीने पैसे दिले होते' हा बचाव त्यात बसत नाही.

• पोलीस किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून काही करणं. कलम २०४ : किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद.

• मिळालेली माहिती दाखवून पैसे मागणं (खंडणी, कलम ३०८) आणि ऐकीव गोष्ट अहवालात घालून कोणाची बदनामी करणं (कलम ३५६).

हे करता येतं :

• सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी नोंदी पाहणं.

• माहिती अधिकारात अर्ज करणं.

• लोकांनी स्वतः जाहीर केलेली ऑनलाइन माहिती पाहून नोंद ठेवणं.

• आपली खरी ओळख सांगून, समोरच्याच्या मर्जीने त्याच्याशी बोलणं.

• सार्वजनिक जागी दिसणाऱ्या गोष्टींची नोंद घेणं, कोणाला त्रास न देता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे. पण गोळा केलेला डेटा किती दिवस ठेवायचा, कोणाला द्यायचा, याची शिस्त आतापासूनच लावून घ्यावी.

कोणतं काम घ्यायचंच नाही?

कायद्याच्या चौकटीत राहूनही हातून मोठं नुकसान होऊ शकतं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेलं सज्ञान जोडपं आदिलाबादहून नागपूरला किंवा नांदेडहून हैदराबादला निघून जातं. घरचे म्हणतात, 'फक्त पत्ता काढून द्या, आम्ही समजूत घालतो.' त्या पत्त्यावर कोण जाईल आणि काय करेल, हे तपासनीसाच्या हातात राहत नाही. अशा जोडप्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, त्यांना संरक्षण देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात पोलिसांना स्पष्ट आदेश दिले आहेत. मारहाणीला कंटाळून माहेरी किंवा आश्रयगृहात गेलेल्या बाईचा पत्ता शोधणं हेही तसंच काम. ते नाकारायचं. हरवलेलं माणूस अल्पवयीन असेल तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार, मग बाकीचं.

काम घेताना 'हे कशासाठी हवंय?' हा पहिला प्रश्न. उत्तर पटलं नाही तर पैसे कितीही असोत, हात जोडायचे.

अर्ज करण्याचे खरे रस्ते

१. विमा सर्व्हेअर आणि नुकसान मूल्यांकनकार. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४यूएम खाली हा परवाना मिळतो. वाहनाचं नुकसान ५०,००० रुपयांपासून पुढे आणि इतर नुकसान एक लाख रुपयांपासून पुढे असेल तर दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. परवाना देणारी संस्था म्हणजे विमा नियामक 'इर्डाई'. तिचं मुख्यालय हैदराबादला आहे. सर्व्हेअरांची संस्था 'आयआयआयएसएलए' हीसुद्धा हैदराबादचीच.

क्रम असा : अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका, सीए, कॉस्ट अकाउंटन्सी यांसारखी नियमांत बसणारी पात्रता, संस्थेचं विद्यार्थी सदस्यत्व, परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली १२ महिने प्रशिक्षण, मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा, आणि मग इर्डाईकडे ऑनलाइन अर्ज. आयटीआय झालेल्या, गॅरेजमध्ये राबलेल्या मुलांनी पॉलिटेक्निकची पदविका पुरी केली तर मोटार विभागाचा हा रस्ता त्यांना मोकळा होतो.

२. विमा कंपनीचा पॅनेल तपासनीस. हा सर्व्हेअरपेक्षा वेगळा. अपघात खरा झाला का, मृत्यूचा दावा बरोबर आहे का, रुग्णालयाचं बिल खरं आहे का, हे तो तपासतो. याला सरकारी परवाना नसतो. विमा कंपन्या ठरावीक काळाने पॅनेलसाठी अर्ज मागवतात आणि त्याची सूचना आपल्या वेबसाइटवर टाकतात. निवृत्त पोलीस, कायद्याचे पदवीधर, विमा क्षेत्रात काम केलेले लोक यांना यात संधी असते. सूचना कंपनीच्या मूळ वेबसाइटवरच वाचावी, फॉरवर्ड झालेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नये.

३. एजन्सीत उमेदवारी. हैदराबाद, नागपूर, पुण्यातल्या एजन्सी आणि नोकरभरतीची पडताळणी करणाऱ्या कंपन्या जिल्ह्या-तालुक्यांत माणसं ठेवतात. पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी तपासण्याचं हे काम. पैसा फार नाही, पण नोंद घ्यायची, अहवाल लिहायची सवय इथेच लागते. इथे नियम एकच : पगार मिळतो, भरावा लागत नाही.

४. शिक्षणाचा रस्ता. नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात फॉरेन्सिक सायन्सची एमएस्सी आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय गांधीनगरला आहे. सायबर कायद्यांची पदव्युत्तर पदविका हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातून दूरशिक्षणाने करता येते. बँका आणि मोठ्या कंपन्यांत आर्थिक गैरव्यवहारांचा तपास करायचा असेल तर अमेरिकेतल्या एसीएफई संस्थेचं 'सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर' हे प्रमाणपत्र ओळखलं जातं. त्याची परीक्षा ऑनलाइन देता येते. मात्र शिक्षण आणि अनुभव यांचे गुण धरून पात्रता ठरते, किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो आणि फी डॉलरमध्ये असते. बारावीनंतर लगेच मिळणारी ही गोष्ट नाही.

५. सायबर स्वयंसेवक. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नागरिकाला ऑनलाइन नाव नोंदवता येतं. बेकायदा मजकूर कळवणारा, जनजागृती करणारा आणि सायबर तज्ज्ञ असे तीन प्रकार आहेत. हे सेवाकार्य आहे, नोकरी नाही. स्वयंसेवकाला मंत्रालयाशी आपलं नातं आहे असं मिरवायला, त्यावर धंदा करायला मनाई आहे. तरीही शिकण्यासाठी हा चांगला आणि मोफत मार्ग आहे.

सीमाभागातली खरी पात्रता : दोन राज्यांच्या नोंदी वाचता येणं

मोठ्या शहरातल्या तपासनीसाला जे जमत नाही, ते आदिलाबादच्या पोराला घरबसल्या जमू शकतं. इथे नाती दोन राज्यांत, शेती दोन राज्यांत आणि कागद तीन भाषांत. मराठी, तेलुगू, हिंदी-उर्दू, शक्य झाल्यास गोंडी येणारा माणूस इथल्या चौकशीत नुसता दुभाषी राहत नाही, अर्ध्याहून जास्त काम तोच करतो.

समजा, बेला मंडलातल्या कुटुंबाकडे केळापूर तालुक्यातलं स्थळ आलं. मुलाकडचे सांगतात : शेती आहे, ट्रॅक्टर आहे, कोर्टकचेरी नाही. कोणाच्याही खासगी आयुष्यात न डोकावता यातलं बरंच तपासता येतं.

शेती : महाराष्ट्रात गाव आणि गट क्रमांकावरून सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर दिसतो. बँकेचा बोजा 'इतर हक्क' रकान्यात असतो. जमीन तेलंगणात असेल तर भू भारती पोर्टल. १४ एप्रिल २०२५ रोजी ते धरणी पोर्टलच्या जागी आलं. जुन्या नोंदींसाठी पहाणी पाहावी लागते. खरेदीखत आणि गहाणाचे व्यवहार तेलंगणात नोंदणी खात्याच्या भारमुक्तता दाखल्यात, म्हणजे ईसीमध्ये, आणि महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोनमध्ये सापडतात.

आदिवासी जमीन : आदिलाबादच्या उटनूर, इंद्रवेल्लीसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९५९ चा जमीन हस्तांतर नियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती लागू आहे. तिथे बिगरआदिवासीला जमीन हस्तांतरित करता येत नाही. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ पाहावं लागतं. 'पट्टा माझ्या नावावर आहे' एवढ्यावर अहवाल लिहिणारा तपासनीस पार्टीला खड्ड्यात घालतो.

वाहन : नंबरवरून परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा प्रकार, विमा, फिटनेस कळतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, आणि ते तसंच राहू द्यायचं. टीजी ०१ आदिलाबाद, एमएच २९ यवतमाळ, एमएच ३४ चंद्रपूर, एमएच २६ नांदेड.

खटले : ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण राज्य आणि जिल्हा वेगवेगळा निवडावा लागतो. उच्च न्यायालयात तर तीन ठिकाणी बघावं लागतं : आदिलाबादसाठी हैदराबादचं तेलंगणा उच्च न्यायालय, यवतमाळ-चंद्रपूरसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, आणि किनवट धरून सगळ्या नांदेड जिल्ह्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. एकाच नावाची अनेक माणसं असतात. वडिलांचं नाव, गाव जुळल्याशिवाय खटला कोणाच्या माथी मारू नये.

जुने पत्ते : ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्याआधीच्या कागदावर 'जि. आदिलाबाद' असलेलं गाव आज दुसऱ्याच जिल्ह्यात असू शकतं. केरामेरी-जिवती पट्ट्यातल्या वादग्रस्त गावांत तर दोन्ही राज्यांची कागदपत्रं एकाच घरात सापडतात. दोन मतदार ओळखपत्रं दिसली म्हणून तिथल्या माणसाला लगेच लबाड ठरवणं चुकीचं होईल.

अहवाल कोर्टात टिकायचा असेल तर

स्क्रीनशॉट काढला म्हणजे पुरावा झाला, असं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग 'अ' पुरावा देणारा भरतो, भाग 'ब' तज्ज्ञ भरतो. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, प्रतीवर काम करायचं, आणि तारीख, वेळ, वेब पत्ता, कोणत्या उपकरणावर पाहिलं, हे त्याच दिवशी वहीत लिहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबून छोटा होतो, तो मूळ फोटो राहत नाही.

पती-पत्नीच्या वादात चोरून केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तो जोडीदाराने स्वतःच्या संभाषणाच्या केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. तिसऱ्या माणसाने फोन टॅप करावा, असा त्याचा अर्थ नाही.

अहवालात 'पाहिलं', 'कागदावर सापडलं' आणि 'लोक म्हणतात' हे तीन रकाने वेगळे ठेवावेत. मुलीच्या किंवा मुलाच्या चारित्र्याबद्दल गल्लीतली कुजबुज अहवालात चढवली की एका ओळीने ठरलेलं लग्न मोडतं. ती ओळ खोटी निघाली तर भरपाई कोणी करू शकत नाही.

स्वतःचा व्यवसाय कसा नोंदवायचा?

तपासाचं लायसन नसलं तरी धंद्याची नोंदणी असते. 'उद्यम' नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. तिथे 'तपास सेवा' हा व्यवसाय ८०३०० या कोडखाली येतो. कार्यालय उघडलं तर तेलंगणाच्या १९८८ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडे नोंदणी करावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पार्टी महाराष्ट्रातली असली तरी सेवांना ही सवलत लागू आहे. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे 'सरकारमान्य गुप्तहेर' नव्हे, एवढं मात्र व्हिजिटिंग कार्ड छापताना विसरू नये. सरकारी नोकराने किंवा वकिली करणाऱ्याने आपल्या सेवा नियमांची, बार कौन्सिलच्या नियमांची आधी खात्री करावी.

प्रत्येक कामाचा लेखी करार करावा : काम काय, कशासाठी, काय केलं जाणार नाही, फी किती, काम झाल्यावर कागद कधी नष्ट करणार.

पैसे गेले असतील तर

१९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पावती घ्यावी. कंपनी नागपूरची, खातं दिल्लीचं, तक्रारदार आदिलाबादचा, म्हणून 'आमच्या हद्दीत नाही' असं ऐकावं लागलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवावं. गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. पैसे भरल्याच्या पावत्या, चॅट, फोन नंबर काहीही डिलीट करू नये. आयडी कार्ड मिळालं असेल तर ते वापरू नये, तक्रारीसोबत पोलिसांकडे द्यावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दहावी-बारावी पास माणूस हे काम करू शकतो का?*
हो, एजन्सीत पडताळणीचं काम करू शकतो. विमा सर्व्हेअरसाठी मात्र ठरलेली शैक्षणिक पात्रता लागतेच.

*ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र उपयोगी आहे का?*
शिकण्यासाठी आहे. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर सायबर सुरक्षेचे मोफत कोर्स मिळतात. त्याने ज्ञान वाढतं, अधिकार मिळत नाही.

*महिलांना या कामात वाव आहे का?*
भरपूर. स्थळाची चौकशी, घरगुती वाद, विम्याच्या दाव्यात घरातल्या बायकांशी बोलणं, ही कामं महिला तपासनीसच नीट करू शकतात.

*पोलीस तपासनीसाला मदत करतात का?*
पोलिसांकडची गोपनीय माहिती खासगी माणसाला मिळत नाही आणि मागूही नये. तपासनीसाला गुन्हा दिसला तर त्याने तो पोलिसांना कळवायचा.

*सुरुवात कुठून करावी?*
स्वतःच्या घरच्या कागदांपासून. आपल्या शेताचा सातबारा किंवा पट्टादार पासबुक, ईसी, फेरफार, गावातले जुने खटले, हे सगळं शोधून त्याचा चार पानांचा अहवाल लिहावा. मग तो एखाद्या वकिलाला किंवा तलाठ्याला दाखवून चुका विचाराव्यात. याला फी लागत नाही आणि हे काम आपल्याला जमतं की नाही, ते महिनाभरात कळतं.